दोन पिस्टन गेले, दोष क्रँकचा: जुन्या स्टिल ०७० चेनसॉचं एक प्रकरण

मामांचा फोन आला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "अरे, कटर पुन्हा जाम झाला. नवा पिस्टन टाकून चाळीस मिनिटंसुद्धा चालला नाही." दोन महिन्यांतला हा दुसरा पिस्टन. कोल्हापूरला येणाऱ्या ओळखीच्या टेम्पोत त्यांनी दापोलीहून मशीन घातलं आणि सोबत सिमेंटच्या पोत्यात आजवर काढलेले सगळे सुटे भाग. "मामा, काहीही भंगारात घालू नका, सगळं पाठवा," असं मी बजावलं होतं. पुढे त्या पोत्यानेच निम्मं काम वाचवलं.

मशीन म्हणजे स्टिल ०७०. बोअर ५८ मिलिमीटर, स्ट्रोक ४०, म्हणजे १०६ सीसी. मोटरसायकलएवढं इंजिन, पण दोन हातांत धरून चालवायचं. बार (चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी) आणि चेन न धरताही वजन दहा किलोच्या वर. याचा वंश १९५९ च्या कॉन्ट्रा मॉडेलपर्यंत जातो. गिअर काढून टाकून क्लचवरूनच थेट चेन फिरवणारी ती स्टिलची पहिली पेट्रोल आरी. आजचे हलके सॉ मिनिटाला बारा-तेरा हजार फेऱ्यांवर किंचाळतात. ०७० साधारण निम्म्या फेऱ्यांत काम करतं, पण लांब बार लावून आंब्याच्या आडव्या ओंडक्यातून फळ्या पाडायला घेतलं तर अडत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ येऊन गेलं, तेव्हा आमच्याकडच्या बागांमध्ये आंबे, फणस, माड, पोफळी अक्षरशः एकमेकांवर पडले होते. मामांचं हे मशीन तो सगळा पावसाळा चाललं. त्यामुळे "नवीन घ्या" हा सल्ला त्यांना पटणारा नव्हता, आणि खरं सांगायचं तर मलाही द्यायचा नव्हता.

पिस्टन काय सांगत होता

तिकडच्या मेकॅनिकने दोन्ही वेळा बाजारात मिळणारं नक्कल पिस्टन-सिलिंडर किट बसवलं होतं. पहिलं गेल्यावर "माल हलका निघाला" म्हणून दुसरं. हलका माल असू शकतो, ते मी नाकारत नाही. पण दोन्ही पिस्टन टेबलावर शेजारी ठेवले तर ओरखडे एकाच जागी होते: एक्झॉस्टच्या बाजूला, रिंगच्या खाली, उभे. इनटेकची बाजू नव्यासारखी. तेल घालायलाच विसरलं तर पिस्टन सगळीकडून सोलतो. फक्त एक्झॉस्टची बाजू जळते तेव्हा बहुतेक वेळा मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी, असा अर्थ निघतो. प्लगही पांढराफटक होता. मामांना विचारलं तर म्हणाले, थ्रॉटलवरचा हात सोडल्यावर मशीनचा वेग लगेच खाली येत नव्हता, थोडा वेळ ते उगाच पळत राहायचं. मेकॅनिकने कार्बोरेटरचा स्क्रू उघडून बघितला, फरक पडला नाही.

ही लक्षणं ऐकली की मी कार्बोरेटर सोडून क्रँककेसकडे बघतो, म्हणजे पिस्टनखालच्या त्या बंद पेटीकडे जिच्यात क्रँक, पिस्टनने फिरणारा शाफ्ट, असतो. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस हा पंपच असतो. पिस्टन वर जाताना खाली पोकळी तयार होते, ती कार्बोरेटरमधून मिश्रण ओढून घेते. त्या पोकळीला दुसरीकडून हवा मिळाली तर ती तीही ओढते. त्या हवेबरोबर पेट्रोल येत नाही आणि तेलही येत नाही, कारण तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. म्हणजे एकाच वेळी उष्णता वाढते आणि वंगण घटतं. पिस्टनला दोन्हीकडून मार.

प्रेशर टेस्टला फार काही लागत नाही. एक्झॉस्ट आणि इनटेकच्या तोंडांवर रबराचा तुकडा आणि वर पत्र्याची पट्टी बोल्टने आवळली, प्लगच्या भोकातून हातपंप जोडला आणि अर्धा बार दाबाची हवा भरली. काटा निदान वीस सेकंद जागचा हलता कामा नये. इथे चार सेकंदांत शून्यावर आला. साबणाचं पाणी ब्रशने लावत गेलो. फ्लायव्हीलच्या बाजूला काही नाही, सिलिंडरच्या पॅकिंगला काही नाही. क्लच काढून त्या बाजूच्या ऑइल सीलवर, म्हणजे क्रँकचा शाफ्ट बाहेर येतो तिथल्या रबरी कड्यावर, पाणी सोडलं तर शाफ्टला चिकटून बुडबुड्यांची माळ उठली.

सील नवं होतं. त्या मेकॅनिकने ते बदललेलं होतं, त्याची मेहनत खोटी नव्हती. पण सील बाहेर काढून मी शाफ्टवरून नख फिरवलं आणि नख अडकलं. सीलचा ओठ जिथे फिरतो तिथे शेजारी शेजारी दोन चर. मायक्रोमीटरने बघितलं तर खोल चराच्या तळाशी व्यास चांगला ०.२२ मिलिमीटर कमी.

रबराने पोलाद कसं झिजतं, असं मामांनी फोनवर विचारलं. रबर एकटं झिजवत नाही. लाकडाची बारीक भुकटी आणि चेनचं तेल मिसळून सीलच्या ओठाखाली जो लगदा बसतो, तो वर्षानुवर्षं पॉलिश पेपरचं काम करतो. उष्णतेने ओठ कडक झाला की ते काम आणखी वेगाने होतं. दोन चर का होते, तेही लक्षात आलं. पहिला चर पडल्यावर कुणीतरी सील एखाद-दीड मिलिमीटर पुढे बसवून ओठ कोऱ्या जागेवर आणला होता. ही युक्ती चांगली आहे, फुकट आहे, मीही आधी तीच करतो. पण इथे ती कुणीतरी करून झालेली होती आणि कोरी जागा उरलीच नव्हती.

सुटा भाग शोधताना

जुन्या मशीनचे भाग शोधणाऱ्याला दोन भाषा यायला हव्यात असं मला वाटतं. पहिली कंपनीच्या पार्ट नंबरची. स्टिलच्या नंबरात पहिले चार आकडे मॉडेलच्या घराण्याचे असतात. ०७० आणि त्याचा थोरला भाऊ ०९० यांचे ११०६. म्हणून ११०६ ने सुरू होणारा नंबर कोरलेला भाग कुठल्याही धुळकट खोक्यात दिसला तर उचलायचा. ज्यांचा नंबर ९ ने सुरू होतो ते बेअरिंग, सील, स्क्रू, सर्क्लिप अशा सर्वसाधारण वस्तू, आणि तिथे दुसरी भाषा कामाला येते: मापांची. बेअरिंगवर ६२०३ लिहिलंय म्हणजे आतून १७, बाहेरून ४०, रुंदी १२ मिलिमीटर, मग ते जर्मनीत घ्या की कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात. सीलवर १७×२८×७ असं छापलेलं असतं: शाफ्ट, घर, जाडी. दुकानात जाऊन "०७० चं सील द्या" म्हटलं तर दुकानदार मान हलवेल. तीन आकडे सांगितले तर तो मागच्या ड्रॉवरमधून काढून देईल.

सील आणि बेअरिंग त्याच दुपारी मिळाले. सील नेहमीच्या नायट्राइल रबराऐवजी व्हायटॉन रबराचं घेतलं. ते उष्णता जास्त सोसतं आणि आता पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोललाही बरं टिकतं. बेअरिंग सी-३ क्लिअरन्सचंच, म्हणजे आत थोडी जास्त फट असलेलंच हवं. गरम झाल्यावर आतली रिंग फुगते, तेव्हा साध्या बेअरिंगमधली फट संपून ते आवळतं.

क्रँकची अडचण होती. कंपनीचा कुठे मिळेना. नक्कल क्रँक चार दिवसांत घरपोच आला, दिसायला चकचकीत. दोन सेंटरमध्ये धरून फिरवला आणि डायल गेज लावला तर क्लचच्या टोकाला नऊ शतांश मिलिमीटर आउट. हे क्रँक अखंड नसतात. दोन जाड चकत्या क्रँकपिनवर दाबून जोडलेल्या असतात, आणि दाबताना जरा तिरपं गेलं की टोकं डुलतात. माझी स्वतःची मर्यादा तीन शतांश आहे. नऊ शतांश डुलणारा शाफ्ट नव्या सीलचा ओठ प्रत्येक फेरीला एका बाजूने उघडणार, म्हणजे आपण पुन्हा गळतीवरच येणार. मी तो परत पाठवला.

मग पोत्यातल्या जुन्या क्रँकवर तोच डायल लावला. पहिल्यांदा चार शतांश दाखवले आणि माझा धीर सुटला. पण टोकाचं सेंटरचं भोक बारकाईने पाहिलं तर काठावर हातोड्याचा एक घाव बसून कड आत वळलेली होती. काळ्या दगडाच्या टोकाने ती कड साफ केली आणि पुन्हा धरला: दीड शतांश. इतक्या वर्षांचं काम करून हा क्रँक आजही नव्या नकलेपेक्षा सरळ होता. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाचं नीडल बेअरिंगही घट्ट आणि गुळगुळीत. मोडीत काढायला कारणच नव्हतं. झिजली होती ती फक्त बोटभर रुंदीची एक पट्टी.

स्लीव्ह

पाव मिलिमीटर जाडीच्या तयार स्टेनलेस स्लीव्ह, म्हणजे झिजलेल्या जागेवर चढवायच्या नळ्या, मिळतात आणि बऱ्याच ठिकाणी त्या उत्तम चालतात. पण त्या झिजलेल्या शाफ्टवर तशाच चढवायच्या असतात, आणि इथे दोन चरांमधला कंगोरा इतका उंच होता की पातळ पत्रा त्यावर वाकला असता. झिजलेल्या जागी हार्ड क्रोमचा थर चढवण्याचा विचार केला, सोडला. क्रँक जोडलेलाच आम्लाच्या टाकीत जाणार, आणि नीडल बेअरिंगमध्ये एक थेंब शिरला तरी चांगला क्रँक मी हाताने मारल्यासारखं झालं असतं.

म्हणून ठरवलं: सीलची जागा ग्राइंड करून व्यासात दोन मिलिमीटर कमी करायची आणि त्यावर एक मिलिमीटर जाडीची कडक स्लीव्ह चढवायची. शाफ्ट कमकुवत होईल का, हे आधी तपासलं. क्लच बसतो तो पुढचा भाग मुळातच त्याहून बारीक होता, म्हणजे सगळ्यात नाजूक जागा तीच राहणार होती. तरीही पायरीच्या कोपऱ्यात अर्ध्या मिलिमीटरची गोलाई ठेवली. काटकोनी कोपऱ्यातूनच तडा सुरू होतो.

क्रँक ग्राइंडिंगवाल्यांना रोज ट्रॅक्टर आणि ट्रकचे क्रँक हाताळायची सवय. हा तळहाताएवढा क्रँक बघून ते हसले, पण काम मन लावून केलं. दोन चकत्यांमध्ये पितळेची पाचर बसवली, नाहीतर सेंटरच्या दाबाने चकत्या एकमेकींकडे झुकतात. कनेक्टिंग रॉड कापडाने बांधला. नीडल बेअरिंगच्या फटी ग्रीस भरून टेपने बंद केल्या, कारण ग्राइंडिंगची धूळ आत गेली तर तिथेही तोच पॉलिश पेपर तयार होतो.

स्लीव्हसाठी ईएन-३१ हे बेअरिंगचं पोलाद घेतलं. पहिल्या वेळी घाई केली: लेथवर थेट मापात आणली आणि मग पाणी दिलं, म्हणजे या पोलादाला तेलात. बाहेर आली ती सहा शतांश अंडाकृती. एवढ्या पातळ भिंतीचं असंच होतं, आणि मला ते ठाऊक होतं. दुसऱ्यांदा भिंत तीन मिलिमीटर ठेवून कडक केली, १८० अंशांना टेम्पर केली आणि मग आतलं भोक ग्राइंड केलं, शाफ्टपेक्षा १२ मायक्रॉन लहान. स्लीव्ह १५० अंशांपर्यंत तापवली तर भोक २० मायक्रॉनहून जास्त फुगतं, आणि टेम्परपेक्षा तापमान कमी असल्यामुळे कडकपणा जात नाही. हातमोजा घालून एका दमात पायरीपर्यंत सरकवली. मध्ये थांबायला वेळ नसतो. पोलाद पोलादाची उष्णता दोन-तीन सेकंदांत ओढून घेतं आणि स्लीव्ह आहे तिथेच बसते. बाहेरचा जास्तीचा माल क्रँक पुन्हा त्याच सेंटरवर धरून काढला. स्लीव्ह वेगळी फिनिश करून चढवली तर ती स्वतःशी गोल असते. शाफ्टवर चढवून फिनिश केली तर शाफ्टच्या अक्षाशी गोल होते. सीलला दुसरं लागतं.

सगळ्यात जास्त वेळ मी शेवटच्या दहा मायक्रॉनवर घालवला. कारागीर आरशासारखी चमक आणायला ग्राइंडिंग व्हील आडवं सरकवत होता. मी त्याला थांबवलं. व्हील किंवा पॉलिश पेपर आडवा सरकला की पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे आटे उमटतात. शाफ्ट फिरतो तेव्हा ते आटे तेल किंवा हवा सीलखालून एका दिशेला ढकलत राहतात. उभं मशीन टेस्टला पास होतं आणि चालताना गळतं. हे कळायला एक जुनी परीक्षा आहे. क्रँक लेथमध्ये धरून मिनिटाला साठेक फेऱ्यांवर सोडायचा. सीलच्या जागेला तेलाचा हलका हात. तिच्याभोवती शिवणकामाचा दोरा टाकून खाली एक नट टांगायचा, साधारण तीस ग्रॅमचा, आणि बघत राहायचं. आमचा दोरा सावकाश उजवीकडे चालू लागला. लेथ उलटा फिरवला तर डावीकडे. म्हणजे आटे होते. क्रँक पुन्हा ग्राइंडिंगला लावला. या वेळी व्हील सरळ आत घातलं, आडवं हलवलंच नाही, आणि ठिणग्या आपोआप थांबेपर्यंत तसंच ठेवलं. पुन्हा दोरा टाकला. आम्ही दोघं तिथे वाकून उभे. दोरा जागचा हलला नाही, फक्त नट थरथरत होता. त्या कारागिराने मग तोच दोरा बाजूला ठेवलेल्या पंपाच्या शाफ्टवर टाकून बघितला.

बाकीचं इंजिन

पोत्यात मूळ सिलिंडर निघालं. "गेलं" म्हणून काढून ठेवलेलं. आतल्या भिंतीवर ॲल्युमिनियमचे राखाडी पट्टे होते, पण ते सिलिंडरचे ओरखडे नव्हते, पिस्टनचा माल वितळून क्रोमवर चिकटलेला होता. अशा वेळी अनेक जण हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरतात. क्रोमच्या सिलिंडरला ते लावू नये, ॲसिड क्रोमच खातं. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम विरघळवतो आणि क्रोमला धक्का लावत नाही. कापसाच्या काडीने फक्त पट्ट्यांवर लावायचा, पोर्टच्या कडांना नाही, कारण क्रोमच्या मागे सिलिंडरही ॲल्युमिनियमचंच आहे. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे, खिडकी उघडी. जो फेस येतो तो हायड्रोजन असतो. तीन वेळा लावून धुतल्यावर खालचं क्रोम अखंड निघालं.

पिस्टन पेरुंबावूरच्या एका जुन्या दुकानातून आला. केरळातल्या त्या गावात लाकूड आणि प्लायवूडचा इतका मोठा धंदा आहे की अशा मशीनचे न विकलेले भाग तिथल्या कपाटांत अजून सापडतात. ११०६ कोरलेला, कागदात गुंडाळलेला. सोनाराच्या काट्यावर तोलला तर नक्कल पिस्टन त्याहून नऊ ग्रॅम जड निघाला. क्रँकच्या चकत्या मूळ पिस्टनच्या वजनाशी तोललेल्या असतात. जास्तीचे ग्रॅम शेवटी चालवणाऱ्याच्या मनगटात जातात.

क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची आहे, म्हणून बेअरिंग बसवायला ती ओव्हनमध्ये १०० अंशांवर गरम केली, गॅसची ज्योत अजिबात नाही. मॅग्नेशियमचा बारीक किस पेटला तर पाण्याने आग भडकते. असं काम करणाऱ्याने जवळ कोरड्या वाळूची बादली ठेवावी. सील बसवताना क्लचच्या आट्यांवर प्लॅस्टिकचा पातळ कागद गुंडाळला, ओठाला ग्रीस लावलं. कार्बोरेटरचे पडदे पापडासारखे कडक झाले होते, ते आणि पेट्रोलची नळी बदलली. इग्निशनच्या पॉइंटची फट ०.४ मिलिमीटर ठेवली.

पुन्हा अर्धा बार हवा भरली. एक मिनिट झालं, दोन झाली, काटा तिथेच. मग पंप उलटा लावून पोकळीचीही टेस्ट केली. ती कधीच टाळू नये; काही सील आतून दाब आला की घट्ट बसतात आणि ओढ लागली की उघडतात, आणि चालत्या इंजिनात दोन्ही होतं.

पहिल्या तीन टाक्या मी स्वतः चालवल्या, लिटरला ४० मिलिलिटर तेल घालून, बारीक ओंडक्यांवर. थ्रॉटल सोडला की मशीनचा वेग लगेच खाली येत होता. प्लग तपकिरी.

मशीन परत द्यायला मी स्वतः दापोलीला गेलो, कारण एक गोष्ट समोर बसून सांगायची होती. या ०७० ला चेन ब्रेक नाही. स्टिलने तो १९७२ मध्ये आणला, आणि तो का आणावा लागला हे बार उसळून तोंडाकडे आल्यावरच कळतं. "मामा, हे आडव्या ओंडक्यासाठीच वापरायचं. उभं झाड किंवा डोक्यावरची फांदी याने तोडायची नाही. त्याला ब्रेकवालं लहान मशीन घ्या." मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझी मामी गेली पाच वर्षं हेच सांगतेय." लहान मशीन त्यांनी दिवाळीनंतर घेतलं.

दोन पावसाळ्यांनंतर मी ०७० पुन्हा उघडलं, फक्त क्लचची बाजू. अर्धा बार दाब दोन मिनिटं टिकला. स्लीव्हवर ओठाची एक मंद रेघ होती, नखाला न लागणारी. टूलबॉक्सच्या झाकणाच्या आत मी एक कागद चिकटवलाय, वरून पारदर्शक टेप लावून: स्लीव्हचं आतलं-बाहेरचं माप, सीलचे तीन आकडे, बेअरिंगचा नंबर, पोलाद ईएन-३१, आणि कोणत्या दिवशी बसवली ती तारीख. खाली थोडी जागा मोकळी ठेवलीय, पुढे जो कुणी उघडेल त्याच्या नोंदीसाठी.